सपाट पत्र्यावर पाणी वाहतंय असं कसं दाखवायचं: मोटर नको, स्क्रीन नको

प्रश्न थोडक्यात असा आहे की पॅसेजच्या भिंतीवर आठ फूट बाय चार फुटांचं सपाट पॅनल लावायचंय, माणूस समोरून चालत गेला की त्यात पाणी वाहतंय असं वाटायला हवं, मोटर नको आणि स्क्रीनही नको. स्टीलच्या पत्र्यावर ग्राइंडरने लाटा काढून बघितल्या पण त्या नुसत्या काढलेल्या लाटाच दिसतात, जागच्या हलत नाहीत, मग चुकतंय कुठे.

चुकतंय ते लाटा काढण्यातच. लाटेचं चित्र काढलं की डोळा ते चित्र म्हणूनच बघतो आणि चित्र काही हलत नाही. मी हे काम बरीच वर्षं करतोय, पत्र्यावर, लाकडाच्या व्हिनियरवर, काचेवरच्या छपाईत, आणि नव्याने शिकणाऱ्याला सगळ्यात आधी हेच सांगतो की सपाट पृष्ठभागावर आपण हालचाल बनवत नसतो, हालचालीची सोय करून ठेवत असतो. खरोखर हलणारी गोष्ट तीनपैकी एक असते: बघणारा माणूस, किंवा लाइट, किंवा माणूस आणि लाइट दोन्ही जागेवर असताना बघणाऱ्याची नजर. यातलं कोण हलणार ते आधी पक्कं करा, मटेरियल नंतर. बहुतेक जण उलटं करतात, आधी पत्रा आणतात मग विचार करतात की यात काय हलेल.

तुमच्या केसमध्ये माणूस चालणार आहे आणि लाइट जागेवर आहे, त्यामुळे घासलेला धातू ही निवड एकदम बरोबर आहे, फक्त ओरखड्यांकडे बघायची पद्धत बदलायला लागेल. ओरखडा किती खोल आहे याला जवळजवळ काही किंमत नाही, तो कुठल्या दिशेला आहे यालाच सगळी किंमत आहे.

हे हाताने करून बघा म्हणजे पटेल. पत्र्याचा वीतभर तुकडा घ्या, २४० नंबरच्या पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासा, खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च एका जागी ठेवा आणि तुकडा टेबलावर सपाटच ठेवून हळूहळू गोल फिरवा. अख्खा तुकडा एकदम उजळतो आणि अख्खा एकदम काळा पडतो. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक अतिबारीक पन्हळ असते, ती प्रकाश आडवा पसरवते, लांबीच्या दिशेने पसरवत नाही. नियम असा लक्षात ठेवा: ओरखड्यापासून लाइटकडे जाणारी दिशा आणि डोळ्याकडे जाणारी दिशा, या दोन्हींच्या बरोबर मधली जी दिशा येते ती ज्या ओरखड्याला काटकोनात असेल तो ओरखडा चमकतो, बाकीचे गप्प राहतात. पुढे मी हिला मधली दिशा म्हणतो. घड्याळाच्या सनबर्स्ट डायलवर जो डमरूसारखा उजेड दिसतो आणि मनगट हलवलं की फिरतो तो याच नियमाने, तिथे केंद्रातून बाहेर जाणाऱ्या रेघांना सगळ्या दिशा मिळालेल्या असतात त्यामुळे कुठल्या तरी रेघा कायम चमकायच्या जागी असतातच.

आता हेच तुमच्या पॅनलला लावू. समजा लाइट वर आहे, पत्र्याशी काटकोनात धरलेल्या रेषेपासून साधारण ४५ अंशांवर. माणूस पॅनलवरच्या एखाद्या बिंदूच्या डावीकडे ३० अंशांवरून चालत उजवीकडे ३० अंशांपर्यंत गेला, तर त्या बिंदूपाशी पत्र्यावर धरलेली मधली दिशा जवळपास ७० अंश फिरते. म्हणजे माणूस सहज दोनचार पावलं चालतो तेवढ्यात तुमच्या हातात ७० अंशांचं भांडवल येतं, आणि ते कसं खर्च करायचं ते ओरखड्यांच्या मांडणीने ठरतं. लाइट भिंतीच्या जास्त जवळ घेऊन पत्र्यावर घासत तिरका टाकला, समजा ७० अंशांवर, तर हेच फिरणं साधारण ५६ अंशांवर येतं. लाइट समोर जास्त आणला तर फिरणं वाढतं पण मग दिव्याचं सरळ प्रतिबिंबच डोळ्यात यायला लागतं आणि सगळा पत्रा पांढरा पडतो. मी ४५ ते ५५ च्या मधे कुठेतरी थांबतो.

मांडणीचं गणित सोपं आहे. डावीकडून उजवीकडे जाताना ओरखड्यांचा कोन दर सेंटिमीटरला ३ अंशांनी बदलत नेला आणि मधली दिशा ७० अंश फिरली, तर उजेडाचा पट्टा ७० भागिले ३, म्हणजे साधारण २३ सेंमी सरकणार. कोन दर सेंमीला १ अंशच बदलला तर तोच पट्टा ७० सेंमी धावणार. पण फुकट काही मिळत नाही, कोन जितका सावकाश बदलेल तितका पट्टा वेगात धावतो आणि तितकाच रुंद आणि पसरट होतो. हाताने घासताना दिशा थोडी इकडेतिकडे होतेच, समजा ६ अंश इकडे ६ अंश तिकडे, म्हणजे एकूण १२ अंशांचा पसारा, तर ३ अंशांच्या मांडणीत पट्टा ४ सेंमी रुंद दिसेल आणि १ अंशाच्या मांडणीत १२ सेंमी. पाण्यासाठी दोन्ही लागतात, रुंद संथ उजेड आणि त्यावर बारीक चपळ रेघा, म्हणून मी एकच दर सगळीकडे कधीच ठेवत नाही.

आता खरी मजा. ओरखड्याला पुढची बाजू मागची बाजू नसते, ० अंशाचा ओरखडा आणि १८० अंशांचा ओरखडा एकच. त्यामुळे कोन ० पासून १८० पर्यंत वाढवत न्या, की तुम्ही परत ० वरच आलात, मधे कुठेही सांधा दिसत नाही, आणि हे तुम्ही हवं तितक्या वेळा पुढे चालू ठेवू शकता. ६० सेंमीमधे १८० अंश असं धरलं तर तोच आपला दर सेंमीला ३ अंशांचा दर झाला, आणि २४४ सेंमीच्या पॅनलवर अशी चार आवर्तनं बसतात. सगळे पट्टे एकाच बाजूला सरकतात, एकमेकांच्या मागोमाग, कुठेच मागे फिरत नाहीत. हा झाला एकदिशी प्रवाह. दिशा उलटी करायची तर कोन आधीच्या उलट बाजूला फिरवत न्या, बस. पट्टे माणसाबरोबर चालले तर कोणीतरी सोबत येतंय असं वाटतं, आणि विरुद्ध चालले तर वेग जास्त वाटतो, नदी म्हणायची तर विरुद्ध दिशा मला जास्त आवडते.

पण तुम्हाला जर नदीपेक्षा तळ्याचं पाणी हवं असेल, उन्हात हलणारं, तर कोन सतत एका बाजूला वाढवू नका, मागेपुढे झुलवा. म्हणजे १० सेंमीमधे २५ अंश वर, पुढच्या १४ सेंमीमधे परत खाली, मग ८ सेंमीमधे वर असं, अंतरं मुद्दाम असमान ठेवून. इथे काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. जिथे कोन वाढतोय तिथला पट्टा उजवीकडे सरकतो, जिथे कमी होतोय तिथला डावीकडे, दोघे एकमेकांकडे येतात, जिथे कोन सगळ्यात जास्त आहे त्या रेघेवर भेटतात, क्षणभर तिथे लख्ख उजेड होतो आणि दोघेही एकत्रच नाहीसे होतात. माणूस अजून पुढे गेला की दुसऱ्या ठिकाणी एक नवा ठिपका उमटतो आणि दोन होऊन फाकतो. पाण्याच्या तळाशी उन्हाच्या जाळ्या जशा जुळतात फुटतात ते अगदी हेच वागणं आहे, आणि पत्र्यावर तुम्ही लाटेचा आकार कुठेही काढलेला नाही. वरपासून खालपर्यंतही हेच झुलणं थोडं थोडं सरकवत न्या, नाहीतर उभे पडदे हलतायत असं दिसेल.

अजून एक गोष्ट जी पॅसेजमधे आपोआप मिळते. माणूस पत्र्याच्या जवळून जात असल्याने पॅनलच्या दोन टोकांकडे बघायचे त्याचे कोन खूप वेगळे असतात, त्यामुळे नुसता आडवा, एकाच दिशेने घासलेला पत्रा लावला तरी एक उजेडाचा डाग माणूस आणि लाइट यांच्या मधे कुठेतरी राहून माणसामागोमाग सरकत राहतो. तुमची मांडणी या डागावर चढते. म्हणून कागदावर केलेलं गणित पॅनलच्या टोकांना थोडं चुकतं, त्याने घाबरू नका, फक्त टोकांना कोनाचा दर जरा कमी ठेवा म्हणजे तिथले पट्टे फार गर्दी करत नाहीत.

आणि दोन डोळ्यांचं विसरू नका. डोळ्यांमधे साधारण ६ सेंमीचं अंतर असतं, दीड मीटरवरून बघताना ते सव्वादोन अंशांच्या आसपास होतं, त्यामुळे डाव्या डोळ्याला पट्टा एका जागी दिसतो आणि उजव्याला मांडणीच्या दरानुसार एक ते तीन सेंटिमीटर बाजूला. मेंदू त्याचा अर्थ खोली असा लावतो, आणि पट्टा पत्र्याच्या पुढे तरंगतोय किंवा आत बुडालाय असं वाटतं. वेगात सरकणारे पट्टे जास्त खोल वाटतात. कंपासने काढलेल्या कमानीसारख्या ओरखड्यांनी तर हवेत तरंगणारे ठिपके आणि ठोकळे काढता येतात, विल्यम बीटी नावाच्या अमेरिकन माणसाने १९९० च्या दशकात हाताने काढायच्या या होलोग्रामची पद्धत लोकांपुढे मांडली, त्यात प्रत्येक ठिपक्यासाठी एक कमान, कमानीची त्रिज्या म्हणजे खोली, आणि कमान उलटी केली की आतला ठिपका बाहेर येतो. ॲक्रिलिकच्या तुकड्यावर एकदा करून बघाच, दिशेचं महत्त्व त्याच्याइतकं चांगलं कशानेच समजत नाही.

आता हत्यारं. ऑर्बिटल सँडर, म्हणजे गोल थरथरत घासणारं मशीन, या कामाला नकोच, तो सगळ्या दिशांना गोल गोल कुरळे ओरखडे टाकतो आणि सगळ्या दिशा म्हणजे कुठलीच दिशा नाही, पत्रा नुसता राखाडी दिसतो. ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावून तिरकी धरली तर ती कमानी काढते, ते रानटी सुंदर दिसतं पण कोनावर ताबा राहत नाही, पाण्यासाठी ती मी फक्त शेवटच्या चारदोन फटकाऱ्यांना वापरतो. मुख्य काम लाकडी ठोकळ्याला १८० किंवा २४० चा पेपर गुंडाळून, सरळ, पाच ते आठ सेंमीच्या छोट्या छोट्या फटक्यांनी, शेजारचा फटका आधीच्यावर थोडा चढवत. आधी संपूर्ण पत्रा बारीक नॉनवोव्हन पॅडने (भांडी घासायच्या स्क्रबसारखा पॅड) एकसारखा करून घ्या, कारण खाली जुने वेगळ्या दिशेचे ठळक ओरखडे राहिले तर तेही चमकतात आणि अंधार हवा तिथे अंधार मिळत नाही. या कामात उजेड सहज मिळतो, अंधार कमवावा लागतो. मार्करने पत्र्यावर दर दहा सेंमीला छोट्या काड्या काढून ठेवा, त्या त्या जागेचा कोन दाखवणाऱ्या, मग हात आपोआप मधले कोन भरत जातो, शेवटी स्पिरिटने पुसून टाका.

स्टेनलेस स्टीलवर काम करताना साध्या लोखंडावर वापरलेला पेपर किंवा डिस्क वापरू नका, त्यातले लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि काही दिवसांनी गंजाचे ठिपके येतात. ॲल्युमिनियम मऊ आहे, जास्त उजळ दिसतं, हाताला सोपं जातं, पण त्याची बारीक धूळ पेट घेऊ शकते, त्यामुळे ज्या जागी लोखंड घासताना ठिणग्या उडतात तिथे ॲल्युमिनियमची धूळ साठू द्यायची नाही. गॉगल आणि चांगला मास्क दोन्हीला लागतो, स्टेनलेसच्या धुळीत क्रोमियम निकेल असतं, ते फुफ्फुसात घ्यायची गोष्ट नाही.

घासून झालेल्या पत्र्याला उघड्या हाताने शिवू नका. बोटांचा तेलकट ठसा ओरखडे भरून टाकतो आणि तेवढा डाग कायम मेलेला दिसतो. ॲल्युमिनियमला कोटिंग लागतंच, स्टेनलेसला ते नसलं तरी चालतं पण लोकांचे हात पोचणार असतील तर मारा. कोटिंग ग्लॉसच हवं आणि पातळ हवं. मॅट किंवा सॅटिन क्लिअर मारलात तर तुमची सगळी मेहनत एका दुपारीत गेली म्हणून समजा, कारण मॅटचं कामच प्रकाश सगळीकडे पसरवायचं आहे. रंग हवा असेल तर पारदर्शक निळा किंवा हिरवट लॅकर ओरखड्यांवर छान बसतो, अपारदर्शक रंगाचा विचारही नको.

लाइटबद्दल मी जरा हट्टी आहे. अर्ध्याहून जास्त बिघडलेली पॅनल्स मला लाइटमुळे बिघडलेली दिसतात, घासकामामुळे नाही. लाइट लहान हवा आणि एकच ठिपका हवा. एकाच मोठ्या चिपचा अरुंद बीमचा स्पॉट चांगला, आठदहा वेगवेगळ्या चिपा मांडलेला दिवा नको कारण प्रत्येक चिप आपला वेगळा पट्टा देते आणि कडा दुहेरी तिहेरी होतात. पॅनलच्या वर आडवी एलईडी पट्टी लावायचा मोह सगळ्यांना होतो, दिसायला नीटनेटकी असते, पण ती या कामाची वैरी आहे, लाइट डावीकडून उजवीकडे पसरला की प्रत्येक पट्टाही तितकाच पसरतो आणि सगळं सपाट होतं. समोरची भिंत पांढरी आणि उजळ असेल तर तिचं प्रतिबिंब पत्र्यात पडून अंधाराची जागा दुधाळ होते, म्हणून समोर गडद रंग, आणि जवळ मोठी खिडकी असेल तर दिवसा परिणाम निम्माही दिसणार नाही हे आधीच धरून चाला.

एका लाइटवर नीट जमलं की मगच दुसरा लावा, पहिल्यापासून चारपाच फूट बाजूला, किंचित वेगळ्या रंगछटेचा, एक पिवळसर एक थंड पांढरा. दोन्हींचे पट्टे स्वतंत्र चालतात, एकमेकांना ओलांडतात, पाणी एकदम जिवंत होतं. आणि कधी माणूस बसलेला असेल, चालत नसेल, तर लाइट हलवायचा. मोटर न लावता हे करता येतं: चारपाच लहान स्पॉट जवळजवळ लावून एक मंद करत पुढचा वाढवत न्यायचा. यात दोन स्पॉटमधलं अंतर इतकं कमी हवं की त्यांचे पट्टे पत्र्यावर एकमेकांवर चढतील, तरच डोळा ते सरकणं मानतो, नाहीतर एक पट्टा विझला दुसरा पेटला इतकंच दिसतं.

धातू परवडत नसेल किंवा जागेला जमत नसेल तर हाच दिशेचा खेळ इतर मटेरियलमधे आहे. लाकडाच्या व्हिनियरच्या पट्ट्या एक आड एक उलट फिरवून लावल्या तर चालताना गडद उजळ आलटून पालटून होतात, मखमलीची लव वेगवेगळ्या बाजूला बसवली तरी तेच, आणि भिंतीवर एकाच रंगाचे मॅट आणि ग्लॉस पट्टे मारले तर समोरून भिंत एकरंगी दिसते आणि तिरकं बघितलं की पट्टे उगवतात. यातलं काहीही धातूइतकं चपळ नाही, पण शांत खोलीला कधी कधी तेच शोभतं.

धातूच्या तोडीचा दुसरा रस्ता एकच आहे माझ्या मते, आणि तो म्हणजे दोन जाळ्यांचा, मोआरे. पुढे काचेवर किंवा पारदर्शक ॲक्रिलिकवर उभ्या काळ्या रेघा, १ मिमी रेघ १ मिमी मोकळी, म्हणजे दर २ मिमीला एक. मागे तशीच दुसरी जाळी पण दर २.१ मिमीला एक. दोन्ही चिकटवून ठेवल्या तर दर ४२ मिमीला एक रुंद काळा पट्टा तयार होतो, सूत्र सोपं आहे, दोन्ही मापांचा गुणाकार भागिले दोघांतला फरक. एक जाळी फक्त २ मिमी सरकवली की पट्टा ४२ मिमी सरकतो, वीसपटीहून जास्त. आता दोन जाळ्यांमधे २ सेंमी अंतर सोडा आणि २ मीटरवरून बघा, माणूस २० सेंमी बाजूला सरकला की पुढची जाळी मागचीवर जवळपास २ मिमी सरकल्यासारखी दिसते, म्हणजे एक अख्खा पट्टा पुढे गेला. एका पावलात तीनचार पट्टे वाहून जातात, आणि हलतंय काहीच नाही. अंतर सोडल्यावर मागची जाळी दुरून थोडी बारीक दिसते त्यामुळे पट्टा ४२ चा ५२ च्या आसपास होतो हे हिशोबात धरा. दोन्ही जाळ्या हुबेहूब २ मिमीच्याच ठेवल्या तरी या अंतरामुळेच २ मीटरवरून २० सेंमीचा पट्टा दिसतो आणि १ मीटरवर आलात की तो १० सेंमीचा होतो, जवळ जाल तसं पाणी दाटत जातं, हे फार गोड दिसतं. मागच्या रेघा सरळ न ठेवता हलक्या नागमोडी केल्या तर पट्टे भोवऱ्यासारखे वळतात.

याचा धोका असा की जी वीसपट हालचालीला मिळते तीच चुकीलाही मिळते. कागद दमटपणाने जरा ताणला, प्लॉटरने टोकाला अर्धा मिलिमीटर खाल्ला, की पट्टा तिथे वाकडा. म्हणून छपाई फिल्मवर, फिल्म काचेवर, आणि अंतर राखायला मधे एकाच जाडीचे ठोकळे. रेघा लावण्याच्या या कलेत व्हेनेझुएलाचे दोन मोठे कलाकार होऊन गेले, हेसुस राफाएल सोतो आणि कार्लोस क्रूझ-दिएझ. सोतोंनी रेघांच्या पार्श्वभूमीपुढे तारा आणि सळ्या टांगून थरथर निर्माण केली, आणि क्रूझ-दिएझ यांनी १९५९ पासून सपाट पॅनलवर उभ्या अरुंद रंगीत पट्ट्या काटकोनात बसवून चालणाऱ्या माणसाला रंग बदलताना दाखवला. त्यांच्या कामाचे नुसते फोटो बघून काही कळत नाही, कोणीतरी समोरून चालत जाऊन काढलेला व्हिडिओ शोधून बघा.

लेंटिक्युलर शीटचा, म्हणजे बारीक पट्टीसारख्या भिंगांच्या ज्या प्लास्टिकखालचं चित्र तिरकं केलं की बदलतं त्याचा, विचार तुम्ही केला असेलच. इंचाला ६० भिंगं आणि ७२० डीपीआयची (इंचाला ७२० ठिपके) छपाई धरली तर प्रत्येक भिंगाखाली १२ फ्रेम बसतात. चालणाऱ्या माणसासाठी भिंगं उभी लावावी लागतात, आणि मग दोन डोळ्यांना दोन वेगळ्या फ्रेम दिसून चित्राला भूत लागतं, म्हणजे ते दुहेरी दिसतं. फ्रेम एकमेकींपासून फार वेगळ्या नसतील, पाण्यासारखं सावकाश बदलणारं चित्र असेल, तर चालून जातं. पण ते पाण्याचा व्हिडिओ दाखवल्यासारखंच वाटतं, मला त्यात पृष्ठभागाचा स्वतःचा जीव दिसत नाही.

तिसरा प्रकार, जिथे माणूस आणि लाइट दोन्ही जागेवर आणि फक्त नजर फिरते, तो छापील भ्रमांचा. जपानचे अकियोशी कितावोका यांची २००३ ची फिरणारी सापांची वर्तुळं तुम्ही नक्की पाहिली असतील. त्याची किल्ली चार छटांच्या क्रमात आहे, काळा, मग गडद निळा, मग पांढरा, मग पिवळा, आणि परत काळा, आणि हालचाल याच क्रमाच्या दिशेने वाटते. निळा पिवळा हे रंग सोडून गडद करडा आणि फिका करडा घेतले तरी चालतं, कारण काम मुख्यतः उजळपणाच्या पायऱ्यांचं आहे. जिथे टक लावून बघाल तिथे ते थांबतं आणि बाजूचं फिरतं, नजर सरकली किंवा पापणी लवली की पुन्हा जोर धरतं, आणि काही लोकांना ते अजिबातच दिसत नाही. याला लाइट धातूच्या बरोबर उलटा हवा, एकसारखा, मऊ, आणि छपाई मॅट, चकाकी आली की छटांचा क्रमच मोडतो. पॅसेजमधे याचा उपयोग कमी, माणूस थांबून बघत नाही. प्रोजेक्टर चालणार असता तर जपानच्या एनटीटी या टेलिकॉम कंपनीच्या संशोधकांनी २०१५ मधे दाखवलेली युक्ती सांगितली असती, स्थिर रंगीत चित्रावर फक्त करड्या उजेडाची हलती सावली टाकायची, मेंदू ती हालचाल चित्रालाच चिकटवतो आणि छापलेली ज्योत फडफडायला लागते. पण तुम्हाला विजेवर चालणारं पडद्यासारखं काही नकोय, म्हणून ते बाजूला ठेवू.

एक काळजीची गोष्ट मात्र नीट ऐका. ठळक काळ्यापांढऱ्या पट्ट्यांनी काही लोकांना गरगरतं, डोकं दुखतं, आणि प्रकाशाने झटके येणाऱ्यांना ते खरोखर धोक्याचं ठरू शकतं. सगळ्यात त्रासदायक माप म्हणजे नजरेच्या एका अंशात साधारण तीन पट्ट्यांच्या जोड्या. २ मीटरवरून एक अंश म्हणजे साडेतीन सेंमी, म्हणजे सव्वा सेंमीच्या आसपासची काळीपांढरी जोडी पॅनलभर पसरली असेल तर ती टाळाच. वरची २ मिमीची जाळी या मापापेक्षा खूप बारीक आहे आणि तिचे पट्टे खूप रुंद आहेत, त्यामुळे ती बरी, पण पट्ट्यांच्या कडा मऊ ठेवा आणि सगळ्या पॅनलवर एकच ताल नको. लोक रोज ये-जा करणार त्या जागी हा विचार दिसण्याच्या आधी यायला हवा.

तर तुमच्या पॅनलसाठी मी असं करेन. स्टेनलेसचा एक फूट बाय एक फुटाचा नमुना, झुलत्या कोनाचा, २५ अंशांच्या आत, असमान अंतरं. तो ठरलेल्या उंचीवर भिंतीला टेकवून, एकच स्पॉट लावून, समोरून चालत मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. मोबाइलला एकच डोळा असतो त्यामुळे खोली त्यात दिसणार नाही, पण पट्टे कुठे अडकतात, कुठे गर्दी करतात ते डोळ्यापेक्षा व्हिडिओत लवकर सापडतं. नमुना पसंत पडला तरच मोठा पत्रा घ्या, १.२ मिमीपेक्षा पातळ नको, आणि घासायच्या आधीच तो सपाट जाड बोर्डाला पूर्ण चिकटवून घ्या, नुसते कडेने स्क्रू मारले तर पत्रा मधे फुगतो आणि जरासा फुगवटाही कोनाच्या गणितात शिरून पट्टे भलतीकडे नेतो. लाइट छतापासून किती खाली आणि भिंतीपासून किती पुढे बसवता येईल, माणसं पॅनलपासून किती अंतरावरून चालतात, आणि ती जास्त करून कुठल्या बाजूने येतात, एवढी तीन मापं आधी घ्या, आठ फुटांवर दर दहा सेंमीला कुठला कोन ठेवायचा ते त्यातूनच ठरेल.